खिडकीशेजारची फळी

साइमीने अठरावी खुंटी फळीच्या भोकात दाबली, हात झटकले आणि फ्रिजमधून रसाची बाटली काढली.

"ठेव ती खाली," मार्केत्ता म्हणाली.

"शेवटची खुंटी लाल रिबिनीत गेली, बाई. लाल म्हणजे रस." साइमीने बाटली छातीशी घट्ट धरली. "तुम्हीच सांगितलंय."

सांगितलं होतं खरं. पण खुंट्या खालून वर भरायच्या हेही सांगितलं होतं, आणि साइमीने त्या आज पुन्हा वरून खाली भरल्या होत्या.

"झाड कुठून वाढतं, साइमी?"

"खालून."

"मग खुंट्या?"

साइमीने निमूटपणे सगळ्या उपसल्या आणि खालून भरल्या. अठरा खुंट्या रिबीन ओलांडून पार वर गेल्या. तिने बाटली फ्रिजमध्ये ठेवली आणि बाईंना बरं वाटावं म्हणून हसली. मार्केत्ताने मग नुसतं "तीन" म्हटलं. साइमीने तीन खुंट्या फळीच्या वरच्या टोकाला लावल्या, समाधानाने मान डोलावली, आणि हात मांडीवर ठेवून बसली. फ्रिजकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

साइमीची आई लेम्पी चुलीजवळच्या बाकावर विणत होती. तिने मान वर केली नाही.

"मेली असती आता," ती म्हणाली.

लेम्पीचं बोलणं पहिल्यापासून असंच, कुऱ्हाडीने फोडलेल्या लाकडासारखं. आणि खोटं काय होतं त्यात? साइमी एकोणीस वर्षांची. डाउन सिंड्रोम जन्मापासूनचा. साखरेचा आजार चौदाव्या वर्षी मागून आला. इन्शुलिन द्यायला नर्स सकाळ-संध्याकाळ येऊन जायची, पण मधल्या वेळात साखर उतरली की घाम, थरथर आणि मग शुद्धच हरपायची. तेव्हा दोन घोट गोड रस वेळेवर पोटात गेला तर गेला. आजवर तो आईने पाजला. आता आईच्या पोटातली गाठ यकृतापर्यंत पोचली होती, आणि वसंताच्या पलीकडचं काही डॉक्टर बोलत नव्हते.

गावात साइमीसारख्यांसाठी छोटं वसतिगृह नुकतंच निघालं होतं. सहा खोल्या, त्यातली एक रिकामी. पण मंदीचं वर्ष. रात्री तिथे कोणी माणूस ठेवायला नगरपालिका तयार नव्हती. साइमीला स्वतःची साखर मोजून रस प्यायचा की नाही एवढं ठरवता आलं तर खोली तिची. नाही आलं तर शहराजवळची मोठी संस्था, लांब बोळ, कुलपं आणि ओळखीचं कोणी नाही. साइमी एकदा तपासणीसाठी तिथे राहून आली होती. परत आल्यावर कितीतरी दिवस ती टेबलाखाली जेवली.

मार्केत्ताने तिला शाळेच्या विशेष वर्गात आठ वर्षं शिकवलं होतं. शाळा संपली तरी ती येतच राहिली. कागदावरचा आकडा साइमीच्या डोक्यात टिकत नाही, हातात दिला तर टिकतो, हे मार्केत्ताइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणून तिने बर्चच्या लाकडाची ती फळी केली. हातभर लांब, एकाखाली एक वीस भोकं, आणि तळाच्या चार भोकांना गुंडाळलेली लाल रिबीन. इथल्या मीटरवर साखर शेकड्यांत नाही, चार-पाचात दिसायची, आणि टिंबापुढचा आकडा चिकटपट्टीने झाकलेला. जो आकडा दिसेल तितक्या खुंट्या लावायच्या. शेवटची खुंटी लाल रिबिनीत आली तर साखर उतरलीय, रस पी. रिबिनीबाहेर गेली तर रसाला हात लावायचा नाही.

फळी टांगली तीही विचार करून. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर थर्मामीटर होता आणि रोज सकाळी तो वाचून घरादाराला सांगणं हे साइमीचं लहानपणापासूनचं काम. ओळखीच्या उभ्या पट्टीशेजारी दुसरी उभी पट्टी, मग पोरीला परकं वाटणार नाही. ही युक्ती मार्केत्ताची स्वतःची होती आणि तिला तिचा थोडा अभिमानही होता.

सप्टेंबरात साइमी ते शिकली. ऑक्टोबरात एकदाही चुकली नाही. लेम्पीने त्या आनंदात वेलदोड्याचे गोड पाव भाजले आणि वर मार्केत्ताला टोमणाही मारला की शाळेत आठ वर्षं मग काय माश्या मारत होतीस? आणि हिवाळा लागला तसं सगळं हातातून निसटत गेलं. आता फेब्रुवारी होता. गेल्या आठवड्यात मीटरवर तीन आले असताना साइमी अशीच मांडीवर हात ठेवून बसून राहिली, आणि तिच्या दातांमधून चमच्याने रस घालता घालता लेम्पी स्वतः जमिनीवर कोसळली.

"उद्या सिस्टर येतेय खोलीचं ठरवायला," लेम्पी म्हणाली. "काय दाखवणार आहेस तिला?"

"रात्रीत काही सुचलं तर—"

"चार महिने सुचलं नाही, ते रात्रीत सुचणार!" सुया खटखटत राहिल्या. "मेंदूत साखर गेलीय तिच्या. मला कळतंय, तुला कळत नाही."

मार्केत्ताला त्याहून वाईट भीती होती. अशा मुलांचं डोकं कधीकधी ऐन तरुणपणी मागे चालायला लागतं, हे तिने वाचलं होतं. तिने ते लेम्पीला सांगितलं नव्हतं. ती दाराशी बसून बूट चढवू लागली तेव्हा साइमी खिडकीशी जाऊन नाक काचेला लावून उभी राहिली.

"बाई, बाहेर एकवीस! टोपी कानावर ओढा. मागे कान लाल झालेले तुमचे."

"ओढते गं," मार्केत्ता म्हणाली, आणि अंगणात आल्यावर गाडीच्या चाकावर हात टेकून रडली. गालांवर पाणी गोठायला लागलं तेव्हा थांबली.

दुसऱ्या दिवशी नर्स तेल्लेर्वो आली ती बर्फ झटकत, बूट काढत, एकीकडे बोलतच. धिप्पाड, लाल गालांची बाई. पुढे आणखी घरं फिरायची होती तिला.

"वाटाण्याचं सूप! गुरुवारी या घरी यावं ते यासाठी. नाही नाही, वाढू नका, आधी काम. साइमी, दाखव बघू तुझी करामत."

लेम्पी आज बाकावर नव्हती. तिने खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, फळीच्या बरोबर समोर ओढून घेतली होती. चेहरा मेणासारखा पिवळा, मांडीवर करडी लोकर. सुया चालू होत्या.

तेल्लेर्वोने एका चिठ्ठीवर मोठ्ठा आकडा काढून समोर धरला. नऊ. साइमीने खुंट्या लावल्या, वरून. मार्केत्ताने डोळे मिटले. पण साइमी जागची हलली नाही. रस घेतला नाही. बरोबर!

"तीन," तेल्लेर्वो म्हणाली.

तीन खुंट्या. साइमी उठली, फ्रिजपाशी गेली, रस काढला. बरोबर. मग अठरा. ती बसून राहिली. पुन्हा चार. ती उठली. खुंट्या कुठूनही भरो, पोरगी बरोबर वागत होती! तेल्लेर्वोचं तर खुंट्यांकडे लक्षच नव्हतं, ती फ्रिजचं दार तेवढं पाहत होती.

"दोन."

आणि तेवढ्यात मार्केत्ताला स्वयंपाकघरातली शांतता ऐकू आली. सुया थांबल्या होत्या. साइमी फळीकडे बघत नव्हती. ती आईच्या मांडीकडे बघत होती, आणि सुया थांबल्या तशी उठून रस काढत होती.

"सतरा."

सुया खटखटू लागल्या. साइमी बसली.

"झालं तर मग!" तेल्लेर्वोने चिठ्ठ्या गोळा केल्या. "मी उगाच काळजी करत होते. पुढच्या महिन्यापासून खोली हिची. लेम्पीताई, रडू नका हो, आनंदाची गोष्ट आहे."

लेम्पी रडत नव्हती. ती मार्केत्ताकडे टक लावून पाहत होती. कळलंय ना तुला, मग गप्प बस, असं ते पाहणं होतं. उभ्या आयुष्यात कोणाकडे काही न मागितलेली बाई डोळ्यांनी भीक मागत होती. मार्केत्ताने नजर खाली घातली. खोली मिळाली. संस्थेचं संकट टळलं. आता आपण बोललो तर आपल्यासारखी कसाई दुसरी नाही, आणि नाही बोललो तरी नाही.

तेल्लेर्वो एका पायात बूट घालून खिडकीशी लंगडत गेली.

"इथे नुसते सातच? मजा आहे तुमची. आमच्या वाडीवर सकाळी चोवीस होते."

"चोवीस!" साइमी शहारली. ती चटकन खाली बसली आणि तिने हात फरशीला टेकवला. "चोवीस इथे. खूप खाली." मग उभी राहून हात खांद्याशी नेला. "सात इथे. वर. सातला छान असतं."

मार्केत्ता त्या हाताकडे पाहत राहिली. मग ती खिडकीशी आली आणि जो थर्मामीटर तिने हजार वेळा पाहिला होता तो तिने पहिल्यांदा नीट पाहिला. शून्याच्या वर दहा, वीस, तीस. शून्याच्या खालीही दहा, वीस, तीस. वजाचं चिन्ह बनवणाऱ्याने छापलं नव्हतं, आणि गावात कोणी उच्चारतही नव्हतं. फेब्रुवारीत वीस म्हटल्यावर वरचे की खालचे, असं विचारणारा माणूस इथे अजून जन्मायचा होता. लाल रेघ खाली खाली सरकत सातवर थांबली होती. जितका आकडा मोठा तितकी ती खोल जाणार. पोरगी रोज सकाळी हेच वाचत होती आणि शेजारच्या फळीवर अगदी तसंच करत होती. तिचं डोकं कुठेही मागे चाललं नव्हतं. हिवाळा आला तशी ती हिवाळ्याबरोबर गेली होती, आणि बाईच मागे सप्टेंबरात राहिल्या होत्या.

तेल्लेर्वोने दुसरा बूट चढवला. दाराच्या कडीवर हात ठेवला.

"थांबा," मार्केत्ता म्हणाली. "बूट काढा, सिस्टर. हे खरं नव्हतं."

"म्हणजे?"

"लेम्पीताई खुणा करत होत्या. सुयांनी."

स्वयंपाकघरात चुलीतलं लाकूड तडकलं. लेम्पी टेबलाला धरून उठली. तिचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की ऐकायला कान द्यावा लागला.

"मी तुला घरात घेतलं. तुला जेवू घातलं. आणि तू माझ्या पोरीला त्या बोळात नेऊन टाकतेस?"

"तिथे खोलीत तुमच्या सुया नसणार, लेम्पीताई."

"हो, ठाऊक आहे मला!" लेम्पी किंचाळली. "तुला काय वाटलं, मला ठाऊक नाही? निदान गावात मरेल! ओळखीच्या माणसांत मरेल!"

साइमी दोन्ही कानांवर हात ठेवून टेबलाखाली सरकली. तेल्लेर्वोच्या बुटांवरचं बर्फ वितळून फरशीवर पसरत होतं.

मार्केत्ताने फळी खिळ्यावरून काढली. लेम्पीच्या टोपलीतून तिने करड्या लोकरीचा एक तुकडा तोडला, फळीच्या खालच्या टोकाला त्याचा फास बांधला, आणि फळी उलटी टांगली. लाल रिबीन आता वर, छताकडे आली.

"दहा मिनिटं द्या मला, सिस्टर. आणि लेम्पीताई, तुम्ही आतल्या खोलीत जा. दार लावून घ्या."

लेम्पी गेली. जाताना तिने लोकर टेबलावर आपटली, आणि सुया सरळ तिच्यातून आरपार खुपसल्या.

साइमीला टेबलाखालून बाहेर काढायला दहा मिनिटांहून जास्त लागली. ती आली आणि उलट्या फळीकडे मान वाकडी करून पाहत राहिली.

"लाल वर गेलं," ती म्हणाली.

"हो. नियम तोच. लाल म्हणजे रस. खुंट्या तुला पाहिजे तिकडून लाव."

तेल्लेर्वोने चिठ्ठी धरली. तीन. साइमीने वरून तीन खुंट्या लावल्या. शेवटची लाल रिबिनीत होती. तिने आईच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मार्केत्ताने नजर फरशीवरच ठेवली. साइमीने खुर्चीकडे पाहिलं, लोकरीतल्या सुयांकडे पाहिलं, मग फळीकडे. मग ती उठली आणि तिने फ्रिज उघडला.

अठरा. खुंट्या रिबिनीबाहेर, खाली खाली उतरत गेल्या. ती बसून राहिली. चार. फ्रिजचं दार. अकरा. काही नाही. दोन. फ्रिजचं दार. आतल्या खोलीत, दाराच्या अगदी मागे, दर वेळी कोणीतरी श्वास सोडत होतं.

तेल्लेर्वो मूर्ख नव्हती. तिने उठून थर्मामीटर पाहिला, फळी पाहिली, पुन्हा थर्मामीटर पाहिला.

"हा काढूनच टाका ना भिंतीवरून."

"थर्मामीटर काढता येईल," मार्केत्ता म्हणाली. "हिवाळा कसा काढणार? प्रत्येक घराला खिडकी आहे, आणि प्रत्येक जण हिला आकडे सांगतो."

"आणि वसंत आला की?"

आतलं दार उघडलं. लेम्पी चौकटीला धरून उभी होती. तिलाही तेच विचारायचं होतं, फक्त वसंतात ती असणार नव्हती.

"बर्फ वितळून पागोळ्या लागल्या की मी येईन," मार्केत्ता म्हणाली. "त्याच दिवशी. फळी सुलटी करून जाईन. दर वर्षी."

"मेलीस तर?" लेम्पीने विचारलं.

तेल्लेर्वोने सूप मागून घेतलं, आणि ते संपल्यावर म्हणाली की खोली साइमीचीच राहील.

लेम्पी मार्चमध्ये गेली. फळी वसतिगृहातल्या खोलीत, थर्मामीटर लावलेल्या खिडकीशेजारी, तशीच उलटी टांगली. मार्केत्ता एक दिवसाआड जायची आणि रोज पहाटे उठून आधी आपल्या घरचा पारा बघायची. एप्रिल लागला तसा तिला फ्लू झाला. ताप इतका, की दिवस कोणता, रात्र कोणती याचा पत्ता राहिला नाही. आणि एका दुपारी तिला जाग आली ती पागोळ्यांच्या टपटपीने. छताच्या चारी कडा गळत होत्या. आजच्या की कालपासूनच्या?

वसतिगृहाच्या फोनवर कोणी नव्हतं. तिने नाइटगाउनवर कोट चढवला आणि गाडी काढली. रस्त्यावर बर्फाचा राडा झालेला. तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. मीटरवर तीन, साइमी खालून भरतेय, रिबीन वर राहिलीय, आणि ती शहाण्यासारखी मांडीवर हात ठेवून बसलीय. आपण शब्द दिला आणि तापात पडून राहिलो. लेम्पीने विचारलं होतं, मेलीस तर? मरायचीही गरज पडली नाही.

तिने दार न वाजवता उघडलं. साइमी खिडकीशी स्टुलावर बसली होती.

"बाई, पायात काय घातलंय तुम्ही?" ती म्हणाली. "चपला! बाहेर चिखल आहे."

मार्केत्ताने फळीकडे पाहिलं. लाल रिबीन खाली होती. तळाच्या चार भोकांवर, सप्टेंबरात होती तशी. ती दाराला टेकली.

"कोणी फिरवली?"

"मी."

"कधी?"

कधी या शब्दाशी साइमीचं कधी जमलंच नव्हतं. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मार्केत्ता कोटासकट पलंगावर बसली आणि तिथेच ग्लानीत पडून राहिली. सूर्य वसतिगृहामागच्या झाडीत उतरला. पागोळ्या विरळ झाल्या, मग थांबल्या. साइमीने काचेला नाक लावलं, थर्मामीटर पाहिला, उठली, फळी खिळ्यावरून काढली, फिरवली, आणि करड्या लोकरीच्या फासाने पुन्हा टांगली. लाल रिबीन वर गेली. लोकर घासून घासून बारीक झाली होती. एक-दोनदा फिरवून ती तशी झाली नसती.

"रोज करतेस?" मार्केत्ता पलंगावर उठून बसली. "सकाळ-संध्याकाळ?"

"जेवणाच्या वेळी सुलटी. झोपताना उलटी."

"तुला कोणी सांगितलं?"

साइमीने तिच्याकडे पाहिलं, जरा कीव करूनच.

"बाई, खिडकी आहे ना."

मग तिने पेटी उघडून बोट टोचलं, मीटरवर थेंब लावला आणि चिकटपट्टीवर अंगठा ठेवून आकडा पाहिला. खुंट्या उचलल्या. एक, दोन, तीन. शेवटची लाल रिबिनीत बसली. सवयीने मार्केत्ता उठायला गेली, आणि महाप्रयासाने जागच्या जागी बसून राहिली.

साइमी फ्रिजपाशी गेली. फ्रिजवर लोकरीचा गोळा होता, दोन्ही सुया त्यातून आरपार खुपसलेल्या. तिने दार उघडलं, रस पेल्यात ओतला आणि उभ्या उभ्या सगळा प्यायली. एकदाही तिने मागे वळून पाहिलं नाही.